सोळा वर्षांचा राजा आणि त्याची बहीण

ओलोमोउत्स (चेक देश), रविवार

ती. आजीस,
सा. न.

लोणच्याच्या दोन्ही बरण्या पोचल्या. एकीचं झाकण वाटेत सैल झालं होतं, त्यामुळे माझ्या स्वेटरला अजून कैरीचा वास आहे.

फोनवर तू विचारलंस, "तिकडे राज्य कुणाचं होतं रे?" तेव्हा गडबडीत मी "लई जणांचं" म्हणून सुटलो. आज बाहेर बर्फ पडतंय, निवांत सांगतो.

माझ्या खोलीपासून दहा मिनिटांवर इथलं मोठं चर्च आहे. शेजारी डीनचा, म्हणजे तिथल्या वरिष्ठ धर्मगुरूचा, जुना वाडा होता, तिथे आता म्युझियम आहे. ४ ऑगस्ट १३०६ ला याच वाड्यात चेकचा राजा वात्स्लाव तिसरा याला कुणीतरी भोसकलं. पोरगा सोळा वर्षांचा! पोलंडवर स्वारीला निघाला होता, वाटेत मुक्काम पडला. मारेकरी कुणी पाठवला, ते अजून ठरलेलं नाही. प्शेमिसल घराणं चारशे वर्षांहून जुनं, पण गादीला मुलगा उरला नाही.

उरल्या बहिणी. थोरलीचा नवरा राजा झाला, तो निभला नाही. मग धाकट्या एलिष्काचं १३१० मध्ये लक्सेंबर्गच्या यानशी लग्न लावलं. ती अठरा, तो चौदा! गादी तिच्या माहेरची, बसला तो. त्यांचं पटलं नाही. यानने तिचा तीन वर्षांचा मुलगा तिच्यापासून तोडला, सातव्या वर्षी फ्रान्सला धाडला. तो परतला १३३३ मध्ये. आई तीन वर्षांपूर्वीच गेलेली, आणि चेक भाषा तो पार विसरलेला. पुन्हा शिकला. हाच पुढे सम्राट कारेल चौथा. प्रागचं विद्यापीठ त्याचंच, १३४८ चं.

मागच्या महिन्यात रेल्वेने पोलंडमधल्या क्राकोवला जाऊन आलो. (आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीतली पोलिश मंडळी, ज्यांच्या गोष्टी तू सांगायचीस, त्यांचा देश!) तिथेही तोच पेच. काझिमेश राजा १३७० मध्ये गेला, औरस मुलगा नाही. गादी बहिणीच्या मुलाकडे, हंगेरीच्या लुईकडे. त्यालाही मुलीच. शेवटी १३८४ मध्ये धाकटी याद्विगा अभिषिक्त झाली, जेमतेम दहा-अकरा वर्षांची. आणि तिला 'राणी' नाही, 'राजा' म्हणून मुकुट घातला! राणी म्हणजे राजाची बायको. ही तर स्वतःच धनी.

क्राकोवच्या वावेल टेकडीवरच्या चर्चमध्ये तिच्या समाधीपाशी एक राजदंड पाहिला. लाकडी. १९४९ ला कबर उघडली तेव्हा सापडला. दागदागिने तिने क्राकोवच्या विद्यापीठाला देऊन टाकले होते. १३९९ मध्ये बाळंतपणात आधी तान्ही मुलगी गेली, पाठोपाठ ती. काचेपुढे मी बराच वेळ उभा होतो. आपल्या घरातलं लाटणं जरा लांब केलं तर तसंच दिसेल.

काका परवा म्हणाले, शेताच्या हक्कसोडपत्रावर आत्याची सही लवकर घेऊन टाकू. आजी, मी उन्हाळ्यात येईपर्यंत थांबायला सांग ना. आणि आत्याला एकदा तूच विचार, तिला काय वाटतं ते. तिला अजून कुणी विचारलेलंच नाही.

गुडघ्याला तेल लावत जा. पुढच्या वेळी बरणीचं झाकण चिकटपट्टीने बांध.

तुझा,
बंड्या