प्रिय मंग्या, रिंगवरच्या वेढ्यांबद्दल

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्री

प्रिय मंग्या,

परवा फोनवर घाईत होतो, म्हणून ट्रान्सफॉर्मरची रिंग, म्हणजे त्याचा कोर, कशी गुंडाळायची ते आता सविस्तर लिहितो. गाडीच्या १२ व्होल्टवरून ॲम्प्लिफायरला अधिक-उणे ३५ व्होल्ट देणारा माझा सप्लाय आज तासभर सलग चालला. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

जुन्या कॉम्प्युटरच्या सप्लायमधली पिवळी-पांढरी रिंग तू काढून ठेवली आहेस ना, ती वापरू नकोस. ती लोहचूर्णाची, चोकसाठी (करंटमधले चढउतार शांत करणाऱ्या कॉइलसाठी) असते. आपल्याला फेराइट, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचं सिरॅमिक, हवं. मी लॅमिंग्टन रोडवरून काळी रिंग आणली, छेद १.२५ चौरस सेंटीमीटर. ५० किलोहर्ट्झला प्रायमरीचे (बॅटरीकडच्या गुंडाळीचे) दोन अर्ध्यांत ४ + ४ वेढे धरले की कोरमधला चुंबकीय फ्लक्स १२०० गॉस येतो. इंजिन चालू असताना १४.४ व्होल्ट मिळाले तरी १४४०. सेकंडरी, म्हणजे ॲम्प्लिफायरकडची गुंडाळी, १२ + १२.

या फ्रिक्वेन्सीला करंट तांब्याच्या वरच्या जेमतेम ०.३ मिलिमीटर थरातून वाहतो, त्यामुळे एकच जाड तार घेऊन फायदा नाही. मी प्रायमरीच्या दोन अर्ध्यांसाठी २४ गेजच्या पाच-पाच तारांचे दोन जुडगे केले. रिंगची कड तारेवरचं इनॅमल खरवडते, म्हणून आधी पॉलिस्टर टेप लावली. मग दोन्ही जुडगे शेजारी शेजारी धरून चारच वेढे, पण पूर्ण रिंगभर पसरून. मागच्या खेपेला एकाच बाजूला दाटीने गुंडाळले होते, तर लीकेज (दुसऱ्या गुंडाळीपर्यंत न पोचणारा फ्लक्स) वाढून मॉसफेटच्या, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या, ड्रेन टोकावर व्होल्टेजचे स्पाइक आले आणि मॉसफेट गेले.

त्याच्या आधीची चूक मात्र मनाला फार लागली. दोन्ही जुडग्यांची सुरुवातीची टोकं जोडून मी सेंटर टॅप, म्हणजे बॅटरीचा प्लस जोडायचा मधला सांधा, काढला होता. मग दोन्ही मॉसफेट आळीपाळीने फ्लक्स एकाच दिशेला ढकलत राहिले, कोर सॅच्युरेट झाला, म्हणजे त्यात आणखी फ्लक्स मावेना, आणि फट्! पहिल्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला जोडायचा, तो सेंटर टॅप. या वेळी आईच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा एका जुडग्याच्या दोन्ही टोकांना बांधला, तेव्हा कुठे गोंधळ थांबला. जोडल्यावर एलसीआर मीटरने (इंडक्टन्स मोजायच्या मीटरने) बाहेरच्या दोन टोकांमधला इंडक्टन्स बघ. एका अर्ध्याच्या चौपट आला तर बरोबर, जवळजवळ शून्य आला तर उलटं जोडलंयस. हे बघितल्याशिवाय बॅटरी लावू नकोस, एवढं माझं ऐक.

शनिवारी ये. पाच मीटर तार उरली आहे, तुझी रिंग इथेच बसून गुंडाळू. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अवि