येलदरीच्या मामांना

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला तुमचा नातू वाचून दाखवणार. त्याला आधीच सांगून ठेवतो, बाळा, मधलं काही गाळू नकोस. आजोबा "पुरे आता" म्हणतील, तरी वाचत राहा.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही विषय बदलता. इकडं पाऊस कसा आहे, सोयाबीनला काय भाव आहे, असलं काहीतरी विचारता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. आणखी एक कारण आहे. हल्ली नांदेड, परभणी, संभाजीनगरची बरीच तरुण पोरं हवा भरायचे पॅडलबोर्ड, म्हणजे उभं राहून वल्हवायच्या फळ्या, घेताहेत, गळ घेऊन तलावांवर जाताहेत. "सर, तुम्ही हे कुठं शिकलात?" असं मला विचारतात. मी सांगतो, येलदरी धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे भिंतीमागं साठलेल्या पाण्यात, एका भोई मामांच्या हाताखाली. नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून इथंही मामाच लिहितो.

मासे धरायची परवानगी कुणाकडून घ्यायची, हे विचारायला मी पहिल्यांदा तुमच्याकडं आलो होतो. तुम्ही जाळं शिवत बसला होता. "ठेका मच्छीमार सोसायटीचा आहे. चेअरमनला भेटा, ते हो म्हणाले तर माझ्याकडं या," एवढंच बोललात. चेअरमन हो म्हणाले, मी परत आलो, आणि तुम्ही सगळ्यांत आधी माझा बोर्ड उलटा केलात. खालचा फिन, म्हणजे बोर्ड सरळ चालवणारं पातं, दोन बोटांत धरून हलवून बघितलात. "सर, हे आमच्या जाळ्यात अडकंल. एवढं लांब लागतंच का?" दुकानदारानं मला बोर्डाची लांबी सांगितली होती, पंधरा पीएसआय दाबापर्यंत हवा भरायची हे सांगितलं होतं. फिन आणि जाळं यांचा संबंध कुणी सांगितला नव्हता. आता मी आखूड, मागं झुकलेला फिन लावतो. गवतातूनही तो मोकळा निघतो.

येलदरीचं धरण १९६८ सालचं. पूर्णा नदीवर साडेबावीस मेगावॉटचं वीजघर, दहा दरवाजे, आणि भरलं की ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी. हे आकडे मी शाळेत मुलांना सांगत आलोय. पण त्या पाण्यावर रोज कोण कुठून कुठं जातं, हे तुम्ही दाखवलंत. दिवस मावळताना जाळी सोडतात, पहाटे उचलतात. म्हणजे या दोन्ही वेळांना फुगवट्यात गर्दी. थर्माकोलचे चप्पू, होड्या, मासे न्यायला आलेले टेम्पो, काठावर वजनकाटा. तेव्हा हौशी माणसानं मधे यायचं नाही. होड्या लागतात त्या घाटावर बोर्ड आडवा टाकायचा नाही. ऊन जरा वर आलं, जाळी निघाली, की मग उतरायचं. "आमचं पोट आहे, तुमची आवड आहे. दोन्ही बसतात या पाण्यात, फक्त वेळ बघून," असं तुम्ही म्हणाला होता. मला परकं न मानता हे सांगितलंत, याचे आभार मी वेगळे मानतो. हौशी गळवाल्याला सरळ हाकलून लावलेलंही मी दुसरीकडं पाहिलंय.

बाटल्यांची खूणही तुमचीच. पाण्यावर रिकामी बाटली किंवा थर्माकोलचा तुकडा दिसला की दुसरा शोधायचा, कारण त्या दोघांच्या मधे जाळं आहे. वरच्या अंगाला आहे की तळाला, हे वरून कळत नाही. मधून जायचं नाही, शेवटच्या बाटलीच्याही बाहेरून वळसा घालायचा. तंगुसाचं, म्हणजे पारदर्शक नायलॉन दोऱ्याचं, जाळं पाण्यात दिसतच नाही. २०२२ च्या सप्टेंबरात माजलगावच्या धरणात बुडालेल्या माणसाला शोधताना बचाव पथकातला पट्टीचा पोहणारा जवान जाळ्यात अडकून जिवाला मुकला, ती बातमी आली तेव्हा तुम्ही दिवसभर गप्प होता. संध्याकाळी मला फोन करून म्हणालात, "पोहता येतं म्हणून कुणाला सोडत नाही जाळं. पट्टा कमरेला बांधा, पायाला नको."

तो पट्टा, म्हणजे बोर्डाची लीश, माणसाला बोर्डाशी बांधून ठेवणारी दोरी. घोट्याला बांधलेली लीश पाण्याखाली कशात गुंतली तर वाकून ती सोडवणं अवघड. कमरेच्या पट्ट्यावरची, एका झटक्यात सुटणारी लीश असली की हात आपोआप तिथं जातो. तुम्ही मला गुडघाभर पाण्यात उभं करून, डोळे मिटून, आधी डाव्या आणि मग उजव्या हातानं ती सोडायला लावायचात. माझी मुलगी काठावरून हसायची. तिलाही तुम्ही तेच करायला लावलंत.

याचा उपयोग झाला तो दिवस तुम्हाला आठवत असेल. रात्रीच्या वाऱ्यात कुणाच्या तरी जाळ्याची बाटली तुटली होती आणि जाळं सरकून मोकळ्या पाण्यात आलं होतं. बोर्ड चालता चालता एकदम थांबला. मी तुम्ही शिकवल्याप्रमाणे खाली बसलो, गळ आडवा ठेवला, वल्हं दोरीला आहे हे बघितलं, एक हात पट्टा सोडायच्या गोळ्यावर ठेवला आणि शिट्टी वाजवली. पाण्यात उतरलो नाही. तुम्ही चप्पूवरून आलात. चाकू माझ्या लाइफ जॅकेटला होता, तो मी पुढं केला. तुम्ही मान हलवलीत, बोर्डाच्या शेपटीशी पालथे पडलात आणि पाण्यात हात घालून फिनवरचा जाळ्याचा एकेक डोळा अंगठ्यानं वर सरकवत सोडवत गेलात. नखाएवढा दोराही तुटला नाही. जाळं कुणाचं आहे हे तेव्हा तुम्हालाही माहीत नव्हतं. ते गोळा करून चप्पूवर घेतलंत आणि ज्याचं होतं त्याला संध्याकाळी पोचवलंत. चाकू लागतो, तो हाताशी असलाच पाहिजे, पण जीव अडकला असेल तर. नुसता बोर्ड अडकला असेल तर जाळ्यावरही कुणाचं तरी घर चालतं, हे मी त्या दिवशी तुमच्या बोटांकडं बघून शिकलो.

सुरगाठीचं तर किती सांगू. एका जागी थांबून मरळ धरायचा तर नांगर लागतो. तुम्ही म्हणालात, दोरी कधीही कडेला बांधायची नाही, नाकाला नाहीतर शेपटीला. कडेला बांधली आणि वारा किंवा लाट आडवी आली की तीच दोरी बोर्ड पालथा करते. आणि गाठ सुरगाठच, ओढली की सुटणारी. मासा मोठा असला तर उभं राहायचं नाही, दोन्हीकडं पाय सोडून बसायचं. दोरा हाताला गुंडाळायचा नाही. शिंगाळा लागला तर त्याला बोर्डावर घ्यायचंच नाही, त्याचा काटा रबरात घुसतो. शिवड्याच्या तोंडात बोट घालायचं नाही. आणि रोहूची अंडी भरलेली मादी पावसाच्या तोंडावर लागली तर सोडून द्यायची. सोडताना तुम्ही तिला दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवता, ती स्वतः निघेपर्यंत. मी पण आता तसंच करतो.

काठाचं बोलायचं राहिलं. बुडणारा माणूस खोल पाण्यात बुडतो असं आपल्याला वाटतं, पण उन्हाळ्यात फुगवटा मागं सरकला की काठाची काळी माती नुसती दही झालेली असते. वरून वाळलेली, भेगाळलेली दिसते आणि पाय ठेवला की मांडीपर्यंत आत. तुम्ही मला मुद्दाम अशा जागी नेलंत, स्वतः बोर्ड धरून उभे राहिलात आणि म्हणालात, "आता रुता." रुतलो. ओढून पाय निघत नव्हता. मग तुम्ही शिकवलंत: ओढायचं नाही, बोर्ड आडवा पुढ्यात घ्यायचा, त्यावर छाती टेकवायची, सगळं वजन पसरायचं आणि पाय हळूहळू वळवत वर काढायचा. आणि वेड्या बाभळीचे काटे. त्या काट्यापुढं कुठलंही रबर टिकत नाही, म्हणून उतरायची जागा आधी नीट तपासायची, खाली ताडपत्री टाकायची. या बोर्डाला हवेचा एकच कप्पा असतो. तो गेला की अंगावरचं जॅकेट तेवढं उरतं. म्हणून जॅकेट बोर्डावर बांधून ठेवायचं नसतं, अंगात घालायचं असतं.

वाऱ्याबद्दल तुमचा नियम मी सगळ्यांना सांगतो: जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना वारा पाठीशी राहू दे. उलटं केलं तर दमलेल्या हातांनी वाऱ्याशी झुंजावं लागतं. चैत्र-वैशाखात दुपार कलली की आभाळाकडं बघत राहायचं. गडगडाट कानावर आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते. मोकळ्या पाण्यावर आपणच सगळ्यांत उंच असतो आणि हातात कार्बनच्या काठीचा गळ असतो. तेव्हा गळ आडवा, गुडघ्यावर बसायचं आणि सरळ काठ गाठायचा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरायचं नाही. तुमच्या नातवानं मोबाईलवर पुण्याच्या संस्थेचं दामिनी ॲप घेतलंय हे बघून मला फार बरं वाटलं. तुमचे कान आणि त्याचं ॲप, दोन्ही हवं.

पावसाळ्यात मला तुमचा फोन येतो, "वरून खडकपूर्णा धरणाचे दरवाजे उघडलेत, आठ दिवस येऊ नका." त्या पाण्याबरोबर ओंडके, झुडपं, मेलेली जनावरं काय काय वाहत येतं. धरणाच्या भिंतीकडं आणि वीजघराच्या तोंडाकडं तर कोणत्याच महिन्यात जायचं नाही, तिथं पाणी वरून निवांत दिसतं आणि खालून ओढतं. तुमच्या फोनमुळं माझे कितीतरी रविवार घरी गेले. त्यातल्या एकाचीही मला हळहळ नाही.

आता एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही, ती सांगतो. मागच्या हिवाळ्यात आम्ही तारकर्लीला गेलो होतो. कार्ली नदी देवबागला समुद्राला मिळते तिथं पर्यटकांच्या बोटी, पाण्यावरच्या स्कूटर, पॅराशूट ओढणाऱ्या बोटी, नुसती धांदल. भरती-ओहोटी तुमच्या येलदरीला नाही, जमिनीवरून समुद्राकडं वाहणारे मतलई वारेही नाहीत. पण मी तुमच्यासारखंच केलं. आधी तिथल्या रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लावणाऱ्या एका काकांपाशी बसलो. ते म्हणाले, ओहोटीला नदीच्या मुखाकडं जाऊ नका, पाणी बाहेर ओढतं. आणि सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडं असतो, तो फळी बाहेर नेतो. मी खाडीच्या आतल्या अंगाला, बोटींच्या वाटेपासून लांब, किनारा धरून राहिलो. भडक नारंगी सदरा घातला होता. मोठ्या बोटीची लाट आली की बोर्डाचं नाक लाटेकडं करायचो आणि गुडघ्यावर बसायचो, हेही तुम्हीच शिकवलेलं. काकांनी विचारलं, "तुम्ही घाटावरचे, हे कुठं शिकलात?" तुमचं नाव मी तिथं मोठ्यानं घेतलं. ते काका म्हणाले, त्यांना आमचा नमस्कार सांगा. तो आता पोचवतोय.

अमेरिकेच्या तटरक्षक दलानं २००८ साली ठरवलं की पोहण्याच्या आणि लाटांवर खेळण्याच्या जागा सोडून बाकी सगळीकडं पॅडलबोर्ड ही होडीच मानायची. म्हणजे जॅकेट, शिट्टी, अंधारात दिवा आणि होडीचे सगळे नियम. मी हे वाचून तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मग मी काय सांगत होतो? फळी म्हणू नका, होडी म्हणा, म्हणजे होडीसारखं वागाल."

मामा, आता माझं एक मागणं. तुम्ही मला जॅकेटशिवाय एकदाही पाण्यात जाऊ दिलं नाहीत आणि स्वतः मात्र थर्माकोलच्या चप्पूवर बनियनवर बसता. जॅकेट घातलं की जाळं ओढताना काखेत अडकतं, असं तुमचं म्हणणं. ते खरं आहे, मी घालून ओढून पाहिलं. म्हणून मी शोधून अशी जॅकेटं मिळवली आहेत ज्यांच्या खांद्याजवळ मोकळी जागा आहे आणि फोम छातीच्या वर नाही, पोटाशी आहे. दोन पाठवतोय, एसटीनं येतील, जिंतूरला नातवाला घ्यायला पाठवा. एक तुमचं, एक त्याचं. दोन दिवस जाळं ओढून बघा आणि कुठं टोचतं ते फोनवर सांगा. टोचलं तर बदलून देईन. मग सोसायटीतल्या बाकीच्यांसाठी तशीच मागवायची आहेत. चेअरमनशी माझं बोलणं झालंय, शाळेतले आम्ही काही जण मिळून निम्मे पैसे घालतोय.

मामींना नमस्कार. त्यांनी दिलेलं सुक्या झिंग्यांचं कालवण घरी सगळ्यांना आवडलं, मुलगी अजून मागते.

तुमचा,
जिंतूरचा सर