आधी खत नको, बाबा

ती. आई-बाबांना सा. न.

भिंतीच्या आणि आंब्याच्या सावलीतल्या वाफ्यात तगर, कामिनी आणि एक्झोरा ही तिन्ही झुडपं मरगळलीत, त्याचे आईने पाठवलेले फोटो मोठे करकरून पाहिले. फोनवर काही सांगायला गेलं की बाबा "हो, हो" म्हणतात आणि फोन ठेवला की पाइप सुरू करतात, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. कागद वाफ्यापाशी नेता येईल आणि त्याच्याशी वाद घालता येणार नाही.

बाबा, खताची पिशवी तूर्त बाजूला ठेवा. आजारी मुळांना खत पचत नाही. रासायनिक खताच्या क्षारांनी उलट ती आणखी करपतात. आणि तिन्ही झुडपं एकाच वाफ्यात असली तरी तिघांचं दुखणं वेगवेगळं दिसतंय.

तगरीला पाणी जास्त होतंय. भिंतीच्या सावलीत ऊन नाही, वारा बेताचा, त्यामुळे पानांतून पाणी कमी उडतं आणि माती दिवसेंदिवस ओली राहते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजायला लागतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून झाड मान टाकतं, आणि ते तहानलंय असं वाटून आपण आणखी पाणी घालतो! रोजचं पाणी बंद करा. बोट दोन पेरं मातीत घाला. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. खुरपीने कडेची थोडी माती उकरून एखादं मूळ बघा. निरोगी मूळ टणक असतं. कुजलेलं तपकिरी आणि मऊ पडतं, चिमटीत धरून ओढलं की साल सुटून हातात येते. फोटोत बुंध्याभोवती मातीचा ढीगही दिसतोय. तो हाताने मागे ओढा, खोड जिथे मुळांकडे रुंदावतं तो भाग उघडा हवा.

कामिनीचं नेमकं उलटं. ती आंब्याखाली आहे, आणि वरून झारीने दिलेलं पाणी आंब्याची वरवरची मुळं आधी पिऊन टाकतात. पाऊससुद्धा त्या दाट पानांवरच अडतो. वरची माती ओली आणि वीतभर खाली धूळ, असं तिथे निघेल बघा. तिला रोज थोडं देण्याऐवजी आळ्यात हळूहळू, खोल मुरेल असं पाणी द्या आणि मग बोट लावून बघूनच पुढचं. आंब्याची जाड मुळं तोडू नका, त्यांच्यावर नव्या मातीचा थरही चढवू नका. दोन्हीने आंबाच दुखावेल. वाळका पालापाचोळा दोन-तीन इंच पसरा, फक्त खोडाला टेकू देऊ नका. आई, तू तो रोज झाडून उचलतेस, तो वाफ्यात जाऊ दे. वाफा जरा अस्ताव्यस्त दिसेल, दिसू दे.

एक्झोराची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, ही लोहाच्या कमतरतेची खूण. (नत्र कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं पिवळी पडतात.) मातीत लोह नसतंच असं नाही, पण भिंतीच्या पायथ्याशी गिलाव्याचा चुना-सिमेंट मिसळला की माती अल्कधर्मी होते आणि आहे ते लोह मुळांना घेता येत नाही. एक्झोराला आम्लधर्मी माती लागते. म्हणून बाबा, राख अजिबात टाकू नका, तीही अल्कधर्मीच. माझं विचाराल तर एक्झोरा तिथून हलवावाच. त्याला ऊन हवं; सावलीत जगेल, पण फुलं बेताचीच येतील.

छाटणीची घाई नको. काडी सुकलेली वाटली तर नखाने साल जरा खरवडा. खाली हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे, राहू द्या. तपकिरी आणि कोरडं निघालं तर हिरवा भाग लागेपर्यंत मागे कापत या. आत्ता फक्त मेलेल्या फांद्या काढा. पुन्हा भरगच्च करायला जुन्या जाड फांद्यांपैकी दरवर्षी एक तृतीयांशच कापायच्या, तीन वर्षांत झुडूप नवं होतं. एकदम सगळं उतरवलं तर सावलीतल्या अशक्त झाडाला पानं फुटण्याइतकीही ताकद उरत नाही.

उजेड वाढवायला आंब्याच्या खालच्या दोन-तीन फांद्या काढाव्या लागतील. त्यासाठी माणूस बोलवा. बाबा शिडीवर चढलेले मला चालणार नाहीत, हे आईलाही वेगळं सांगते.

आणि आई, पुढच्या वेळी पानांच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव. कामिनीच्या देठापाशी कापसासारखं पांढरं काहीतरी दिसतंय. मुंग्यांची रांग तिकडे जात असेल तर पिठ्या ढेकूणच समज. ओल्या फडक्याने पुसून घे आणि संध्याकाळी लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल, थोडा पातळ साबण घालून पानांच्या खालून फवार. आधी एकाच फांदीवर मारून दोन दिवस थांब.

तुमची लेक