गांजाच्या बातमीत किलो येतात, पोरांच्या मेंदूचं काय होतं ते कधी येणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं गांजा पकडला की बातमीत किती किलो, किती रुपयांचा, आरोपी कुठला हे सगळं असतं, पण तो ओढल्यावर पोराच्या डोक्यात नेमकं काय होतं याची एक ओळ नसते, म्हणून हे पत्र. मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत विज्ञान शिकवतो. नववी-दहावीची पोरं मोबाईलवर वाचून येतात आणि सरळ विचारतात, "सर, असला पदार्थ मेंदू स्वतःच तयार करतोय म्हणे, मग बाहेरनं घेतला तर काय बिघडलं?" प्रश्न चांगला आहे ओ, रागावून गप्प बसवण्यासारखा नाही.

कारण पहिलं अर्धं खरंच आहे. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देते तो रसायनातनं, ग्लुटामेट आलं की पुढची पेशी चेतते, गाबा आलं की शांत होते. निरोप फार यायला लागले की घेणारी पेशी टू-एजी नावाचा पदार्थ बनवून उलटा मागं धाडते, तो पाठवणाऱ्या पेशीच्या टोकावरच्या सीबी-वन रिसेप्टरला, म्हणजे निरोप पकडणाऱ्या खाचेला, चिकटतो, मग तिथं कॅल्शियम आत यायचं कमी होतं आणि कॅल्शियम नाही तर रसायनही बाहेर पडत नाही. पंगतीत आपण ताटावर हात आडवा धरला की वाढपी पुढं सरकतो की नाही, तसंच. रिसेप्टरचा जीन १९९० ला हाती लागला, आणि हा उलटा निरोप तर २००१ साली सिद्ध झाला. टू-एजी मोडणारं एन्झाइम तिथंच असतं, त्यामुळं थोड्याच वेळात तो हात खाली येतो.

गांजातलं नशा आणणारं रसायन टीएचसी हाच रिसेप्टर धरतं, पण कुणाचं पोट भरलंय नि कोण उपाशी आहे हे त्याला कुठं कळतंय, रक्तातनं येऊन ते सगळ्याच ताटांवर तासन्तास हात धरून बसतं. हिप्पोकॅम्पसमध्ये नवीन आठवण बसते, म्हणून नशेत वाचलेलं टिकत नाही, सेरेबेलमवर तोल असतो म्हणून गाडीचा अंदाज चुकतो. रोज ओढलं तर मेंदू रिसेप्टरच कमी करतो, मग जास्त लागतो, सोडला की झोप उडते, चिडचिड होते. पण नेटानं सोडला तर महिनाभरात रिसेप्टर बऱ्यापैकी परत येतात, हे मुद्दाम छापा, ज्यानं सुरू केलंय त्याला ते कळायलाच पाहिजे. कपाळामागचा मेंदू विशीनंतरही घडत असतो आणि त्या घडणीत हीच यंत्रणा राबते, त्यामुळं सोळा-सतराव्या वर्षी तिच्यात ढवळाढवळ झाली तर ती जास्त महागात पडते.

आणि घाबरवायला म्हणून खोटं लिहू नका. अफूसारखा गांजानं श्वास बंद पडत नाही, श्वास चालवणाऱ्या भागात हे रिसेप्टर फार कमी आहेत, पोरांना हे माहीत असतंय, एक थाप सापडली की आपलं खरंही ऐकत नाहीत.

आमच्याकडं जनजागृतीचे फलक बहुतेक कन्नडमध्ये, नेटवरची चांगली माहिती इंग्रजीत, घरातली मोठी माणसं वाचतात ती तुमचा पेपर. बेळगावात मराठी बोलणारे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडनं सोप्या मराठीत लिहून घ्या. जागा नसेल तर पकडलेल्या पोत्यांचा फोटो लहान करा.

- एक विज्ञान शिक्षक, ता. खानापूर, जि. बेळगाव