सरावात गेलेल्या जवानाचा मान

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

सरपंच झालीस. रस्ते, पाणी, घरपट्टी हे तू निभावून नेशील. सरावात गेलेल्या जवानाच्या अंत्यसंस्काराची तयारी मात्र कुणी आधीपासून करून ठेवत नाही आणि प्रसंग येतो तेव्हा हाताशी जेमतेम एखादा दिवस असतो. तुमच्या गावची पोरं फौजेत आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

10 ऑक्टोबर 2024 ला देवळालीत तोफेच्या सरावात गोळा फुटून दोन अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेले जवान, गेले. त्याच वर्षी जूनअखेरीस लडाखमध्ये रात्री नदी ओलांडण्याच्या सरावात पाणी एकाएकी वाढलं आणि टी-72 रणगाड्यावरचे पाच जण गेले. खरा दारूगोळा आणि खरी नदी यांच्याशिवाय फौज तयार होत नाही. तेव्हा पारावर कुणी "लढाईत थोडाच गेला" म्हणालं, तर त्याला तिथल्या तिथे गप्प कर. मान तसूभरही कमी होता कामा नये.

निरोप आधी घरी पोचू दे. तोवर गावातल्या कुणाच्याही मोबाइलवर फोटो, स्टेटस काही पडू देऊ नकोस. मग तहसीलदार, पोलीस ठाणं आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यांना फोन कर. पार्थिवाबरोबर युनिटचे लोक येतात. मानवंदनेचा क्रम ते ठरवतात. गावाने जागा आणि शिस्त सांभाळायची.

जागा म्हणजे स्मशानभूमीच असं नाही. गर्दी मोठी असेल तर शाळेचं मैदान किंवा गायरान बघ, पण परवानगी आधी घे. चौथरा साधारण दहा फूट लांब-रुंद पुरतो. सरण दोन्ही बाजूंनी खांदेकऱ्यांना नीट उभं राहता येईल एवढ्याच उंचीचं रचायचं. लाकूड वाळलेलं हवं, तीनशे-चारशे किलो, आणि पावसाळा असेल तर वर पत्र्याचं छप्पर. ओलं लाकूड पेटत नाही, मग कुणीतरी रॉकेलचा डबा घेऊन धावतं आणि सगळ्यांसमोर शोभा होते. चौथऱ्याभोवती बांबूचे कठडे बांध, त्यातली एक बाजू सशस्त्र तुकडीसाठी पूर्ण मोकळी. घरच्यांना सावलीत खुर्च्या, प्यायला पाणी आणि जवळ एक डॉक्टर. जवानाची आई आणि बायको गर्दीत चेंगरल्या जातात, हे नेहमीचं आहे. त्यांच्यासोबत चार जाणत्या बायका आधीच नेमून ठेव.

स्फोटात गेलेल्याची पेटी बहुधा बंद असते. ती उघडा म्हणून घरचे आक्रोश करतील. तो निर्णय युनिटच्या अधिकाऱ्याचा आणि घरातल्या एका मोठ्या माणसाचा. गावकऱ्यांनी त्यात पडू नये.

आता तिरंगा. ध्वजसंहितेप्रमाणे केशरी पट्टा डोक्याकडे येतो. चूक होते ती घरी दर्शनासाठी ध्वज काढून पुन्हा घालताना, कारण पेटी बंद असली की दोन्ही टोकं सारखीच दिसतात. पेटीवर डोक्याच्या बाजूला खडूने खूण कर, म्हणजे घाईत उलटा पडणार नाही. गावाने वर आणखी एखादा झेंडा घालायचा नाही. मिरवणुकीच्या गाडीच्या टपावर किंवा बॉनेटवर तिरंगा अंथरायचा नाही. हार आणि शाली ध्वजावर ढीग करून टाकू नकोस. पुष्पचक्रासाठी समोर तिपाई ठेव. आणि हा ध्वज सरणावर जळता कामा नये. अग्नीआधी तो उतरवून घडी घालतात: केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली, मग दोन्ही बाजूंनी दुमडत आणायचा, शेवटी अशोकचक्र आणि थोडा केशरी-हिरवा भाग वर दिसतो. तळहातांवर घेऊन तो घरच्यांच्या हाती देतात. त्या क्षणी कॅमेरेवाले पुढे घुसतात. त्यांना कठड्याबाहेर ठेवणं हे तुझं काम.

पुष्पचक्रं झाली की "शोक शस्त्र"चा हुकूम होतो. रायफलींच्या नळ्या खाली, माना खाली. हवेत तीन फैरी झडतात, बिगुलावर लास्ट पोस्ट, म्हणजे अखेरच्या निरोपाची धून, वाजतं. बिगुल वाजत असताना एकही घोषणा नको. "अमर रहे" मिरवणुकीत कितीही म्हणा, पण इथे नाही. हे ध्वनिक्षेपकावरून आधीच दोनदा सांग, कारण पोरांना कळत नाही की कधी थांबायचं. फैरींची रिकामी काडतुसं कुणी उचलायची नाहीत. तुकडी ती मोजून परत नेते. पोलिसांचीही तुकडी असेल तर आधी कोण, हे ते आपसात ठरवतील. पुढाऱ्यांच्या भाषणांना वेळ देऊ नकोस. द्यायचीच झाली तर एक, तेही दोन मिनिटांचं.

कागदांचं सांगतो. मृत्यूची नोंद मृत्यू जिथे झाला तिथल्या निबंधकाकडे होते, आपल्या ग्रामपंचायतीत नाही. चांगुलपणाने दाखला देऊन बसलीस तर दोन दाखले होतील आणि पेन्शन अडकेल. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे फौजेच्या चौकशीत, मृत्यू सेवेमुळे झाला का, हे ठरतं, आणि त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. ड्यूटीवरच्या अपघातात नियमित जवानाच्या वारसांना केंद्राचं 25 लाखांचं सानुग्रह अनुदान आणि विशेष कुटुंबनिवृत्तिवेतन. अग्निवीराला पेन्शन नाही; 48 लाखांचा विमा, मृत्यू सेवेमुळे ठरला तर 44 लाखांचं अनुदान, शिवाय उरलेल्या मुदतीचा पगार आणि सेवानिधी, म्हणजे पगारातून कापून साठवलेली आणि सरकारने भर घातलेली रक्कम. हे तोंडी आश्वासन म्हणून गावात पसरवू नकोस, पण घरच्यांना नीट समजावून सांग. आधार, बँक पासबुक आणि सेवा नोंद यांत बायकोचं नाव वेगवेगळं निघतं, माहेरचं एकीकडे, सासरचं दुसरीकडे. ते पहिल्या आठवड्यातच तपासून घ्यायचं. कोऱ्या कागदावर सही मागणारे "मदतनीस" दारात येतात. त्यांना उंबरठ्यावरच अडव.

स्मारकाचा फलक लिहाल तेव्हा सेवाक्रमांक, हुद्दा, युनिट, तारीख, ठिकाण आणि "प्रशिक्षणादरम्यान कर्तव्यावर असताना" एवढं लिहा. "शत्रूशी लढताना" असं कुणी फ्लेक्सवर छापून आणलं तर उतरवायला लाव. खोट्याने त्या पोराचा मान वाढत नाही, आणि चार वर्षांनी त्याच्या मुलाला शाळेत कुणी खरं सांगितलं तर तो कुणाला विचारणार?

सैनिक कल्याण कार्यालयाचा नंबर ग्रामपंचायतीच्या फलकावर आजच लावून घे, आणि गावातल्या फौजींच्या घरचे नंबर एका वहीत उतरवून ठेव.

तुझे,
आबा