मित्रास पत्र: ठासणीच्या बंदुकीची पिशवी

लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया
ऑक्टोबर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. 50 कॅलिबरची फ्लिंटलॉक, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणारी ठासणीची बंदूक घेतलीस, छान केलंस. त्याहून बरं वाटलं ते तू पिशवीचं माप विचारलंस म्हणून. लोक बंदुकीवर भरमसाट पैसे घालतात आणि सामान कोटाच्या चार खिशांत कोंबतात. इथे फ्लिंटलॉकने हरणाच्या शिकारीचा हंगाम नाताळच्या दुसऱ्या दिवशी उघडतो. त्या थंडीत बोटं बधिर झाली की कुठल्या खिशात काय आहे हे आठवत नाही. पिशवीत हाताला आपोआप सापडलं पाहिजे.

कातडं झाडाच्या सालीने कमावलेलंच घे. आपल्या कोल्हापुरी चपलेचं बाभूळ-हिरड्याचं असतं, त्या जातीचं. क्रोमच्या क्षाराने कमावलेलं मऊ असतं, पण ओलं करून आकार दिला तर धरत नाही. पिशवीला दीड मिलिमीटर जाडी पुरे, पट्ट्याला दोन ते अडीच. पुढचा तुकडा 8 इंच रुंद आणि साडेसात उंच. मागचा तुकडा आणि झाकण अखंड, म्हणजे 8 बाय 15. याहून मोठी करू नकोस. जागा मिळाली की माणूस भरतोच, आणि मग उतारावर ती पिशवी मांडीवर आपटत राहते.

आतला 4 इंचाचा कप्पा आणि पट्ट्याची टोकं मागच्या तुकड्याला आधी शिव. पिशवी बंद झाल्यावर तिथे हात जात नाही. पट्ट्यामागे कातड्याचं ठिगळ दे, नाहीतर सगळा भार चार टाक्यांवर येतो. मग दोन्ही तुकडे तोंडाला तोंड लावून, मध्ये अर्ध्या इंचाच्या पट्टीचा गोट घालून शिवायचं आणि उलटायचं. गोट नसेल तर उलटल्यावर शिवण फाकते, दोरा उघडा पडतो आणि झाडाझुडपांत घासून तुटतो. दोरा तागाचा, मेण चोळलेला. लांबी शिवणीच्या चौपट. दोन सुया, एकाच भोकातून समोरासमोर, म्हणजे एक टाका तुटला तरी बाकीचे धरतात. इंचाला सहा टाके. हौसेने दहा घातलेस तर पातळ कातडं पोस्टाच्या तिकिटासारखं भोकांवरून फाटेल. उलटण्याआधी कोमट पाण्याने ओलं कर आणि कोपरे लाकडाच्या बोथट काडीने बाहेर काढ.

काळा रंग हवा असेल तर विकतचा आणू नकोस. स्टील वूल साबणाने धुऊन तेल काढ, मूठभर घे आणि अर्धा लिटर व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेव. झाकण सैल हवं, वायू सुटतो. हिरडा आणि हिराकस एकत्र आले की काळं होतं, तीच ही रीत: लोह आणि कातड्यातलं टॅनिन. फडक्याने लावलंस की मिनिटभरात काळं पडतं. (क्रोमचं पडत नाही, दुकानदाराने फसवलं का, तेही इथेच कळतं.) मग लिटरभर पाण्यात मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून धू आणि ओलसर असतानाच तेल लाव. सोडा विसरलास तर आम्ल आत राहतं आणि कातडं दुमडीवर तडकतं.

पिशवीत बंदुकीची सुटी दारू कधीच नको. ती शिंगाच्या डबीत, आणि शिंगातून थेट नळीत ओतायची नाही. आधीच्या बाराची ठिणगी नळीत धुमसत असली तर शिंगाचा हातातच बाँब होतो. माप भरायचं, शिंगाला बूच लावायचं, मगच ओतायचं. तुझ्या नळीला 70 ग्रेन, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम, थ्री-एफ (बारीक दाण्याची) काळी दारू घेऊन सुरुवात कर. बनवणाऱ्याने दिलेली कमाल मर्यादा आधी वाच. गोळी 0.490 इंचाची, खाली 0.015 इंचाची तेलकट चिंधी. गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड उत्तम. ठासायच्या गजावर दोन खुणा कर, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या. गोळी दारूवर टेकली नाही, मध्ये पोकळी राहिली, तर नळी फुगते किंवा फुटते. आधुनिक काडतुसांतली बिनधुराची दारू कणभरही नको. काळ्या दारूऐवजी मिळणाऱ्या पर्यायी भुकट्याही फ्लिंटलॉकला नीट पेटत नाहीत.

आता कातड्याचे तीन छोटे तुकडे, ज्यांच्याकडे कोणी बघत नाही. पहिला, बंदुकीच्या घोड्याच्या जबड्यात गारेभोवती (ठिणगी पाडणाऱ्या गारगोटीभोवती) गुंडाळायचा. मिलिमीटरभर जाड, मागे स्क्रूपुरती खाच. याच्याशिवाय गार घसरते किंवा तिचे लवकर तुकडे पडतात. नवा तुकडा दबतो, म्हणून दोनतीन बारांनंतर स्क्रू पुन्हा आवळायचा. दुसरा, गार जिच्यावर आपटते त्या पोलादी झडपेवर चढवायची टोपी. घोडा चुकून पडला तरी ठिणगी नाही. वादीने चापाच्या कड्याला बांध, बर्फात पडली की गेली. तिसरा, सगळ्या लॉकवर, म्हणजे घोडा-झडपेच्या यंत्रणेवर बांधायचं झाकण, ज्याला इथे 'गाईचा गुडघा' म्हणतात. मेण आणि चरबी सम प्रमाणात वितळवून त्यात मुरव. मेण चुलीवर थेट तापवू नकोस, पाण्याच्या भांड्यात ठेव.

एवढं करूनही बार होत नसेल तर बहुधा रंजक, म्हणजे झडपेखालच्या वाटीतली पेटवणीची दारू, जास्त झालेली असते. वाटी तिसरा हिस्सा भर आणि रंजक कानापासून, म्हणजे नळीत आग जाते त्या भोकापासून, दूर ठेव. कान आतून रंजकेने बुजला तर ती वातीसारखी जळत जाते, आणि 'फुस्स... धाड' एवढ्या वेळात हरीण निघून जातं. कानात घालायची तार आणि वाटी झाडायचा ब्रश म्हणूनच पिशवीत नकोत, पट्ट्यावर साखळीने लटकव.

पट्टा मात्र आत्ता कापू नकोस. जाड कोट घालून, दोरी डाव्या खांद्यावरून घेऊन पिशवीची वरची कड उजव्या कोपराला येईल अशी लांबी काढ आणि मला कळव. टी-शर्टवर घेतलेलं माप डिसेंबरात काखेत येतं.

तुझा,
शरद