हत्तीचे म्हातारपण दाढेत आणि पावलात

महोदय,

हत्तीची बातमी आली की ‘शंभर वर्षांचे आयुष्य’ हे शब्द पाठोपाठ येतातच. वयाची खात्रीलायक नोंद असलेला शंभरीचा हत्ती मात्र दाखवता येत नाही. तैपेईच्या प्राणिसंग्रहालयातला लिन वांग २००३ मध्ये गेला तेव्हा ८६ वर्षांचा होता, आणि तोही अपवादच. साठी-पासष्टी म्हणजे आशियाई हत्तीचे पिकले पान.

याचे कारण तोंडात आहे. हत्तीला जन्मभरात दाढांचे सहा संच येतात. नवी दाढ आपल्यासारखी हिरडीतून वर येत नाही. ती मागून पुढे सरकते आणि झिजलेली जुनी दाढ पुढच्या बाजूने तुकड्यातुकड्यांनी गळून पडते. पहिले तीन संच साधारण पंधराव्या वर्षाच्या आत संपतात. सहावा तिशी-चाळिशीत कामाला लागतो आणि तोच शेवटपर्यंत पुरवायचा असतो. रोज दीडशे किलोच्या आसपास हिरवा चारा दळणारे हे जाते. दगडी जाते बुजले तर टाकी लावता येते, इथे ती सोय नाही. जंगलातला म्हातारा हत्ती मग पाणथळीच्या लुसलुशीत गवताकडे सरकतो आणि बरेचदा तिथेच मरतो. ‘हत्तींचे स्मशान’ ही दंतकथा बहुधा त्यातूनच निघाली असावी.

दाढा गेल्याची खबर लीद देते. तीत बोटभराहून लांब, न चावलेल्या काड्या दिसू लागल्या की चारा तोडून द्यायला हवा. कडबाकुट्टीतून पाच-सात सेंटिमीटरचे तुकडे, भिजवून शिजवलेल्या धान्याचे गोळे आणि मुबलक पाणी. लांब धाग्यांचा चारा तसाच पोटात गेला तर आतड्यात त्याचा बोळा अडकतो आणि पोटशूळ उठतो. कानशिले खोल जाणे, पाठीचा कणा वर दिसणे ही पुढची पायरी. सोंडेवरचे, कानांवरचे गुलाबी ठिपके पाहून वय सांगण्याचा प्रघात आहे, पण ते हत्तीगणिक कमी-जास्त असतात. कानाची वरची कड किती दुमडली आहे हे पाहणे त्यापेक्षा बरे. तरी तोही अंदाजच.

पाळीव हत्तींची गोष्ट पुष्कळदा दाढांपर्यंत पोचतच नाही, त्याआधी पाय जातात. ‘सायन्स’ नियतकालिकात २००८ साली आलेल्या अभ्यासात युरोपच्या प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आशियाई हत्तिणींचे मध्यक आयुर्मान (निम्म्या हत्तिणी ज्या वयापर्यंत जगतात ते) १८.९ वर्षे निघाले, तर म्यानमारमध्ये ओंडके ओढणाऱ्या हत्तिणींचे ४१.७. ओंडके ओढणारी जास्त जगते, याचे एक कारण असे असावे की काम संपल्यावर तिला रात्री रानात चरायला सोडतात. आपल्या गडचिरोलीतल्या कमलापूर कॅम्पच्या हत्तींनाही रान मिळते. देवळाच्या फरशीवर बांधलेल्या हत्तिणीला ते कुठून मिळणार?

पावलाचा तळवा सतत वाढतो आणि चालण्याने झिजतो. साखळीला उभा हत्ती तो झिजवू शकत नाही. तळवा वाढतो, भेगा पडतात, भेगांत लघवी आणि लीद मुरते, नखाच्या मुळाशी गळू होते आणि संसर्ग बोटांच्या हाडापर्यंत जातो. तिथे पोचल्यावर औषधांचा उपयोग फार थोडा. म्हणून रोज पाय धुऊन कोरडे करणे, तळवा-नखे नियमित तासणे आणि काँक्रीटऐवजी माती. भाविकांचा गूळभात, केळी, पेढे यांनी वजन वाढते, ते याच पावलांवर येते.

सकाळी हत्तीच्या कुशीला माती लागलेली नसेल तर रात्री तो आडवा झालेला नाही असे समजावे. सांधे दुखू लागले की हत्ती झोपायचे टाळतो, कारण उठता येईल याचा भरवसा उरत नाही. आडवा पडून राहिलाच तर स्वतःच्याच वजनाने स्नायू चिरडतात, श्वास कोंडतो. अशा हत्तीला टेकायला वाळूचा उतरता ढीग लागतो. तीन-चार ब्रास वाळू पुरते. पाऊस लागणार नाही अशा जागी ती टाकावी आणि ओली झालेली काढून वरचेवर बदलावी.

– एक पशुवैद्यक, आलापल्ली (जि. गडचिरोली)